नंबर वाढलेला नाही, डोळे कोरडे पडलेत

हडपसरला गाडीतळाच्या जवळ माझं चष्म्याचं दुकान आहे. मी ऑप्टोमेट्रिस्ट. डोळ्यांचा नंबर काढायचा, चष्मा किंवा लेन्स द्यायची आणि काही वेगळं दिसलं तर वेळ न घालवता नेत्रतज्ज्ञांकडे पाठवायचं, हे माझं काम. संध्याकाळी मगरपट्टा, अमनोरा आणि फुरसुंगीच्या बाजूच्या आयटी कंपन्या सुटल्या की गिऱ्हाईक यायला लागतं. त्यातल्या पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं, "मॅडम, नंबर वाढलाय बहुतेक. चार वाजल्यानंतर स्क्रीन धूसर दिसायला लागते."

नंबर तपासला की बऱ्याचदा तोच निघतो. मग मी विचारते, "अक्षर धूसर झाल्यावर दोनदा डोळे नीट मिटून उघडले तर स्पष्ट होतं का?" समोरचा थोडा आठवून सांगतो, "हो, होतं. पण जरा वेळच. परत तसंच." माझ्या दृष्टीनं तपासणीतला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच. चष्म्याचा नंबर पापण्या मिटल्यानं बदलत नाही. पापणी मिटल्यावर जे सुधारतं ते दुखणं डोळ्यांवरच्या पाण्याच्या थराचं असतं. त्याच्या जोडीला चुरचुर असते, रेती गेल्यासारखं खुपतं, दुपारनंतर डोळे जड होतात, सकाळी पापण्या चिकटलेल्या वाटतात, एसीत बसवत नाही. वैद्यकीय भाषेत याला ड्राय आय म्हणतात. आपण कोरडे डोळे म्हणू.

या तक्रारीकडे मी हडपसरची पोरगी म्हणूनही बघते. माझे वडील इथल्याच औद्योगिक वसाहतीत टर्नर होते. त्या पिढीत डोळ्याची भीती म्हणजे लेथवरून किंवा ग्राइंडरवरून उडालेला लोखंडाचा कण. कंपनीत गॉगल मिळायचा आणि तो घातला नाही तर सुपरवायझर ओरडायचा. त्या ओरडण्यामागे कायदा होता. १९४८ च्या कारखाना अधिनियमाचं ३५ वं कलम खास डोळ्यांच्या संरक्षणासाठीच होतं. जिथे कण उडतात किंवा प्रखर उजेडानं इजा होऊ शकते तिथे मालकानं गॉगल नाही तर आडोसा पुरवायचा, असं ते सांगायचं.

मग २००० सालाच्या सुमारास गाव बदललं. मगरपट्ट्याच्या शेतकरी कुटुंबांनी सतीश मगर यांच्या पुढाकारानं आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र आणली आणि उसाच्या रानात नगर उभं केलं. त्यात सायबरसिटी आली. पुढे सासवड रस्त्याला फुरसुंगीच्या हद्दीत आणखी कंपन्या आल्या. काम स्वच्छ झालं, थंड हवेत आलं, कणाची भीती गेली. डोळ्याला काम मात्र पूर्वीपेक्षा जास्त लागलं, आणि त्या कामासाठी गॉगलसारखं काहीच कुणी हातात दिलं नाही. युरोपीय समुदायानं १९९० मध्ये पडद्यासमोर काम करणाऱ्यांसाठी निर्देश काढले. त्यावरून ब्रिटनमध्ये १९९२ साली नियम झाले. कर्मचाऱ्यानं मागितलं तर डोळ्यांच्या तपासणीचा खर्च मालकानं करायचा आणि कामाची आखणी अशी करायची की पडद्यापासून अधूनमधून उसंत मिळेल, असं ते नियम सांगतात. आपल्याकडे अशी सक्ती नाही. म्हणून माझ्याकडे येणारी मुलं हे दुखणं स्वतःचा दोष समजून येतात. "मीच फार मोबाइल बघतो," असं सांगतात. मोबाइल असतोच. पण रोजचे नऊ-दहा तास पडद्यासमोर बसणं ही त्यांची नोकरी आहे, हौस नव्हे. कोरड्या डोळ्यांकडे कामाच्या जागेचा प्रश्न म्हणून बघितलं पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

आता हे पाणी काय असतं ते नीट बघू. बुबुळाच्या पुढे काचेसारखा पारदर्शक पडदा असतो, त्याला कॉर्निया म्हणतात. त्यात रक्तवाहिन्या नसतात. असत्या तर आरपार दिसलंच नसतं. त्याला लागणारा प्राणवायू मुख्यतः समोरच्या हवेतून, त्याच्यावर पसरलेल्या पाण्यात विरघळून मिळतो. या पाण्याच्या थराची जाडी तीन मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या तिप्पट. एवढ्याशा थरातही तीन घटक आहेत. अगदी आत बुळबुळीत म्युसिन असतं, ज्यामुळे पाणी कॉर्नियाला धरून राहतं. त्यावर खारं पाणी असतं. ते भुवईच्या बाहेरच्या टोकाखाली असलेल्या अश्रुग्रंथीतून येतं. आणि सगळ्यांत वर तेलाचा अतिशय पातळ तवंग असतो.

या तेलाची माहिती लोकांना जवळजवळ नसतेच. म्हणून दुकानात मी आरसा पुढे करून पापणीची कड दाखवते. पापण्यांच्या केसांच्या जरा आत, ओलसर कडेवर बारीक ठिपक्यांची रांग असते. ती तेलग्रंथींची तोंडं. वरच्या पापणीत अशा पंचवीस ते चाळीस ग्रंथी असतात, खालच्या पापणीत वीस ते तीस. जर्मन वैद्य हाइनरिश मायबोम यांनी १६६६ साली त्यांचं सविस्तर वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. आपण पापणी पूर्ण मिटतो तेव्हा या ग्रंथी दाबल्या जातात, थेंबभर तेल बाहेर येतं आणि पापणी उघडताना ते पाण्यावर पसरतं. तेल असलं की पाणी लवकर उडत नाही. कोरड्या डोळ्यांच्या बहुतेक रुग्णांत पाणी तयार होणं कमी झालेलं नसतं. तेल कमी पडलेलं असतं आणि आहे ते पाणी हवेत उडून जात असतं.

पडद्याचा संबंध इथे येतो. १९९३ साली जपानमधल्या काझुओ त्सुबोता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक छोटी टिप्पणी प्रसिद्ध केली. कार्यालयात काम करणारी माणसं निवांत बसलेली असताना मिनिटाला सरासरी २२ वेळा पापण्या मिटत होती. टेबलावरचं पुस्तक वाचताना हा आकडा १० वर आला आणि संगणकाच्या पडद्यावरचा मजकूर वाचताना ७ वर. मन एकाग्र झालं की शरीर पापणी आवरून धरतं. जपानमध्येच ओसाकातल्या कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ११.६ टक्के लोकांत कोरडेपणा निश्चित आढळला आणि ५४ टक्क्यांत तो असण्याची शक्यता दिसली.

पण संख्येपेक्षाही मला जास्त काळजी वाटते ती अर्धवट मिटण्याची. कुणी चष्म्याच्या काचा बसेपर्यंत बाकावर थांबलेलं असतं, मोबाइल काढून वाचत असतं, आणि मी काउंटरमागून पापण्या बघत असते. वरची पापणी खाली येते, बुबुळाच्या मध्यापर्यंत पोचते आणि परत फिरते. खालच्या पापणीला ती टेकतच नाही. म्हणजे मोजणाऱ्याच्या हिशेबात पापणी मिटली, पण ग्रंथी दाबली गेली नाही, तेल आलं नाही आणि बुबुळाचा खालचा भाग उघडाच राहिला. अशा डोळ्यात तपासणीचा रंग घालून निळ्या उजेडाखाली बघितलं की खालच्या तिसऱ्या भागात हिरवे ठिपके दिसतात. तिथल्या वरवरच्या पेशी सुकून दुखावलेल्या असतात. आत साठून राहिलेलं तेल हळूहळू घट्ट होतं. थंडीत तूप थिजतं, तसंच. पुढे ग्रंथीचं तोंड बुजतं आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर ग्रंथी आक्रसून नाहीशी होते. नाहीशी झालेली ग्रंथी सहसा परत येत नाही. तिशीतल्या माणसाला मी आग्रहानं सांगते ते याचसाठी.

एका गोष्टीवर लोकांचा विश्वास बसायला वेळ लागतो. "माझ्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, मग डोळे कोरडे कसे?" कॉर्नियात मज्जातंतूंचं जाळं फार दाट असतं, शरीरातल्या सगळ्यांत संवेदनशील जागांपैकी ती एक. थर तुटला, पृष्ठभाग उघडा पडला की ते तंतू मेंदूला कळवतात आणि मेंदू अश्रुग्रंथीला सांगतो, सोड पाणी. मग एकदम भळाभळा पाणी येतं. पण त्यात तेल आणि म्युसिन पुरेसं नसतं, त्यामुळे ते टिकत नाही, गालावर ओघळून जातं. गाडीवरून सोलापूर रस्त्यानं येताना हेल्मेटची काच वर असली की डोळ्यांना धारा लागतात, त्यातही बऱ्याचदा हेच असतं.

साताऱ्याकडची एक मुलगी माझ्याकडे यायची. सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी, क्लायंट अमेरिकेतला, त्यामुळे दुपारी सुरू झालेला दिवस मध्यरात्रीनंतर संपायचा. मैत्रिणींबरोबर फ्लॅट भाड्यानं घेऊन राहत होती. तिला चष्मा बदलायचा होता. नंबर तोच निघाला. डोळे लाल, पापण्यांच्या कडा सुजल्यासारख्या. पर्स उघडून तिनं औषधाच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. एक लाली घालवणारी, एक अँटिबायोटिक आणि एक स्टेरॉइडची. सगळ्या औषधाच्या दुकानातून परस्पर आणलेल्या. स्टेरॉइडच्या थेंबांनी दोन दिवसांत इतकं बरं वाटायचं की ती तेच महिनोन्‌महिने घालत होती.

इथे मी जरा थांबून सांगते, कारण हे हडपसरमध्येच नाही, सगळीकडे चाललंय. स्टेरॉइडचे थेंब डॉक्टर देतात तेव्हा ते मोजून, ठरावीक दिवसांसाठी देतात आणि मधे डोळ्यातला दाब तपासतात. परस्पर, दीर्घकाळ घातले तर काही जणांच्या डोळ्यातला दाब वाढतो आणि तो वाढताना दुखत नाही, कळत नाही. त्यातून काचबिंदू होतो, दृष्टीच्या मज्जातंतूची झालेली हानी भरून येत नाही. मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. लाली घालवणाऱ्या थेंबांत रक्तवाहिन्या आकसवणारं औषध असतं. त्याचा असर उतरला की डोळे आधीपेक्षा लाल होतात, मग माणूस पुन्हा तेच घालतो. कोरडेपणावर या दोन्हींचा परस्पर वापर हा उपाय नाही. साध्या दुखण्यातून काचबिंदू ओढवून घेणारी माणसं बघितली की जिवाला लागतं.

त्या मुलीला मी महंमदवाडीच्या रस्त्याला असलेल्या एच. व्ही. देसाई नेत्र रुग्णालयात पाठवलं. पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशननं उभारलेलं हे रुग्णालय हडपसरच्या माणसाला रिक्षानं जाण्याइतकं जवळ आहे, आणि तरी "डोळे चुरचुरतात एवढ्यासाठी कुठे हॉस्पिटल" म्हणून लोक जात नाहीत. जावं.

तिथे काय तपासतात ते आधी माहीत असलं की भीती राहत नाही. एक कागदाची पट्टी असते, पाच मिलिमीटर रुंद. तिचं टोक दुमडून खालच्या पापणीत अडकवतात, पाच मिनिटं ठेवतात आणि पट्टी किती ओली झाली ते मोजतात. जर्मन नेत्रतज्ज्ञ ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये ही पद्धत सांगितली, अजून तीच वापरतात. पाच मिलिमीटरपेक्षा कमी भिजली तर पाणीच कमी बनतंय असं समजतात. दुसऱ्या तपासणीत फ्लोरेसिन नावाचा पिवळसर रंग डोळ्यात लावतात, पापणी एकदा मिटायला सांगतात आणि मग न मिटता समोर बघायला. निळ्या उजेडात पाण्याचा हिरवा थर दिसतो. त्यात पहिला काळा डाग कधी पडतो ते मोजतात. दहा सेकंदांच्या आत थर तुटला तर तो कच्चा. त्यानंतर पापणीची कड हलकेच दाबून तेल कसं येतंय ते बघतात. खाद्यतेलासारखं पातळ, स्वच्छ आलं तर ग्रंथी चांगली. टूथपेस्टसारखं पांढरं घट्ट आलं तर तुंबलेली. त्या मुलीचं पाणी भरपूर होतं, तेल मात्र तुंबलेलं. डॉक्टरांनी आधी दाब तपासला, स्टेरॉइड बंद करण्याचं वेळापत्रक दिलं आणि कृत्रिम अश्रूंचे थेंब लिहून दिले.

या थेंबांबद्दलही बरेच गैरसमज आहेत. डोळ्यावर एरवी सात मायक्रोलीटरच्या आसपास पाणी असतं आणि बाटलीतून पडणारा एक थेंब त्याच्या कितीतरी पट मोठा, तीस ते पन्नास मायक्रोलीटरचा असतो. म्हणजे एक थेंबच डोळ्यात मावत नाही. लगोलग दुसरा घातला तर तो पहिल्याला घेऊन गालावर उतरतो. एक थेंब, खालची पापणी जराशी ओढून, आणि मग मिनिटभर डोळे मिटून स्वस्थ बसायचं, एवढं पुरतं. दुसरी गोष्ट परिरक्षकाची. बाटली उघडल्यावर औषधात जंतू वाढू नयेत म्हणून त्यात बेंझाल्कोनियम क्लोराइडसारखं रसायन घालतात. दिवसातून तीन-चारदा घालणाऱ्याला ते सहसा चालतं. त्यापेक्षा जास्त वेळा घालावं लागत असेल तर हेच रसायन पृष्ठभागाला त्रास देतं. अशांनी परिरक्षक नसलेले थेंब डॉक्टरांना विचारून घ्यावेत. ते महाग पडतात, हे खरं.

घरगुती औषधांचा विषय निघाला की मला कडक बोलावं लागतं. गुलाबपाणी, मध, दूध, एरंडेल यांतलं काहीही डोळ्यात घालू नये. ते निर्जंतुक नसतं. काजळ पापणीच्या आतल्या ओल्या कडेवर ओढलं की ते थेट तेलग्रंथींच्या तोंडांवर बसतं. घालायचंच तर केसांच्या बाहेरच्या बाजूनं, आणि रात्री पुसून झोपावं.

उपयोगी पडतो तो शेक. स्वच्छ रुमाल सोसेल इतक्या गरम पाण्यात पिळून, मिटलेल्या डोळ्यांवर पाच ते दहा मिनिटं. रुमाल लवकर गार होतो, म्हणून दोन-तीनदा बदलावा लागतो. घट्ट तेल साधारण चाळीस अंशांच्या आसपास पातळ होतं. मग बोटानं वरची पापणी वरून खाली आणि खालची खालून वर, केसांच्या दिशेनं हलकेच दाबत न्यायची. बुबुळावर जोर द्यायचा नाही. हे एक-दोनदा करून सोडून दिलं तर काही होत नाही. रोज केलं तर काही आठवड्यांत फरक जाणवायला लागतो. त्या मुलीला तो जाणवला, पण खरं कारण तिच्या डेस्कवर होतं.

तिला मी डेस्कचा फोटो आणायला सांगितला होता. एसीचं तोंड बरोबर डोक्यावर, हवा तोंडावर. दोन मॉनिटर, तेही स्टँडवर चढवलेले, त्यामुळे मान किंचित वर करून आणि डोळे पूर्ण उघडून बघावं लागत होतं. डोळा जितका जास्त उघडा तितका पाण्याचा पृष्ठभाग मोठा आणि तितकं जास्त पाणी उडणार. पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत किंवा जरा खाली हवी, म्हणजे मध्यावर बघताना नजर पंधरा-वीस अंश उतरते आणि वरच्या पापणीनं डोळा आपोआप थोडा झाकला जातो. अंतर पन्नास ते सत्तर सेंटीमीटर. पुण्याची हवा मार्च-एप्रिलात आधीच कोरडी असते, त्यात एसी हवेतला उरलासुरला ओलावा काढून टाकतो. वाऱ्याचा झोत डोळ्यांवर येऊ न देणं हा मला सगळ्यात मोठा उपाय वाटतो आणि त्याला जवळजवळ पैसे लागत नाहीत. एसीच्या तोंडाला प्लॅस्टिकची एक पट्टी लावून हवा वळवता येते. तिनं आणि शेजारच्या तिघींनी मिळून ऑफिसच्या देखभाल विभागाला मेल लिहिला. एकटीनं लिहिला असता तर "हिलाच थंडी वाजते" म्हणून राहिला असता. पट्ट्या लागल्या.

वीस-वीस-वीसचा नियम आता सगळ्यांना पाठ आहे. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं. कॅलिफोर्नियातले ऑप्टोमेट्रिस्ट जेफ्री अँशेल यांनी तो रूढ केला. जवळचं बघून आखडलेल्या स्नायूला त्यानं विसावा मिळतो. पण त्या वीस सेकंदांत माणूस दूर टक लावूनच बघत राहिला तर कोरडेपणाला त्याचा फारसा उपयोग नाही, असं माझं मत आहे. म्हणून मी त्यात भर घालते. डोळे अलगद मिटायचे, मिटलेले दोन सेकंद ठेवायचे, मग वरची पापणी खालच्या पापणीवर किंचित दाबायची आणि उघडायचे. असं पाच-सहा वेळा. फोनवर मीटिंग चालू असताना, कॅमेरा बंद असताना सहज होतं.

निळा प्रकाश अडवणाऱ्या काचांबद्दल रोज विचारणा होते, आणि या धंद्यात असूनही मला त्याबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे. २०२३ मध्ये कॉक्रेनच्या संशोधकांनी सतरा चाचण्या एकत्र तपासल्या. पडद्यासमोर काम करून येणारा ताण या काचांनी साध्या काचांपेक्षा कमी होतो असं त्यांना, निदान थोड्या कालावधीत तरी, दिसलं नाही. गिऱ्हाइकानं जास्तीचे पैसे त्यासाठी देऊ नयेत. ओमेगा-३ च्या कॅप्सूलचंही तसंच. अमेरिकेत 'ड्रीम' नावाच्या मोठ्या चाचणीत लोकांना वर्षभर रोज तीन ग्रॅम ओमेगा-३ दिलं, दुसऱ्या गटाला ऑलिव्ह तेल दिलं. २०१८ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा दोन्ही गटांत सुधारणा सारखीच होती.

सगळा दोष पडद्याला देऊनही चालत नाही. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेणाऱ्या तरुणांच्या तेलग्रंथी सुकतात. ते औषध तेलग्रंथींवरच काम करतं, आणि पापणीतल्या ग्रंथी त्याच जातीच्या. सर्दी-ॲलर्जीच्या काही गोळ्या, मनाच्या आजारांवरची काही औषधं, थायरॉइड, पाळी जाण्याचा काळ, यांनीही डोळे कोरडे होतात. औषध मनानं बंद करू नये, पण डॉक्टरांना सांगावं. स्थळं बघायला सुरुवात झाली की चष्मा घालवायला लेसिक करून घेणारेही इथे बरेच आहेत. त्या शस्त्रक्रियेत कॉर्नियातले तंतू कापले जातात आणि काही महिने डोळे कोरडे राहतात. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं. ज्यांचे डोळे आधीच कोरडे आहेत त्यांनी आधी ते दुखणं आटोक्यात आणावं आणि मग शस्त्रक्रियेचा विचार करावा.

माळवाडीच्या एक पन्नाशीच्या ताई पतसंस्थेत हिशेबाचं काम करायच्या. दिवसभर संगणक, म्हणून त्यांच्या घरच्यांनी कोरडेपणा त्यावर ढकलला होता. बोलता बोलता त्या म्हणाल्या, "भाकरीचा घाससुद्धा पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही हो." मी काम बाजूला ठेवलं. डोळे कोरडे, तोंड कोरडं आणि सकाळी बोटांचे सांधे आखडलेले, हे एकत्र आलं की स्योग्रेनचा आजार मनात आणावा लागतो. यात शरीराची रोगप्रतिकार यंत्रणा स्वतःच्याच अश्रुग्रंथी आणि लाळग्रंथींवर उलटते. स्वीडनचे नेत्रतज्ज्ञ हेन्रिक स्योग्रेन यांनी १९३३ मधल्या प्रबंधात त्याचं वर्णन केलं. हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त दिसतो, आणि बायका स्वतःची तक्रार शेवटी सांगतात. ताईंना नेत्रतज्ज्ञांबरोबरच संधिवाततज्ज्ञांकडेही जावं लागलं, रक्ताच्या तपासण्या झाल्या, निदान झालं. त्यांच्या कागदाच्या पट्टीवर ओल जेमतेम दिसत होती.

कोरडेपणा बहुतेकांचा सावकाश चालतो. आज ना उद्या दाखवू म्हटलं तरी लगेच काही बिघडत नाही. पण काही लक्षणांना उद्या नसतो. डोळा नुसता चुरचुरण्याऐवजी ठणकायला लागला, उजेड सहन होईना, दोनदा डोळे मिटूनही धूसरपणा जाईना, बुबुळावर पांढरा ठिपका दिसला, किंवा एकच डोळा एकदम लाल झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावं. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी तर नक्कीच. लेन्स कोरड्या डोळ्यावर घासते, त्या ओरखड्यातून जंतू शिरतो आणि एक-दोन दिवसांत कॉर्नियात जखम होऊ शकते. अशा वेळी लेन्स लगेच काढायची, दुसऱ्या डोळ्यातलीही. नळाच्या पाण्यानं धुवायची नाही, फेकूनही द्यायची नाही. डबीत ठेवून ती डबी आणि लेन्सच्या पाण्याची बाटली बरोबर न्यायची. कुठला जंतू आहे हे शोधायला डॉक्टरांना तीच उपयोगी पडते.